दादाच्या यादीतलं सामान

दादाला जाऊन सहा महिने होत आले होते तेव्हा अण्णांनी त्याची पत्र्याची ट्रंक उघडली. शिमगा तोंडावर आला होता. आई दारात ज्वारी निवडत बसली होती आणि मी अकरावीचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून रस्त्याकडं बघत होते. कडी निघाल्याचा आवाज झाला तसा आईचा हात सुपात थांबला, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही. अण्णांनी एकेक वस्तू काढून सतरंजीवर ठेवली. दोन शर्ट, कंगवा, सायकलच्या पंपाची नळी, पेन्सिलींचे आखूड तुकडे घातलेली चहाची रिकामी पुडी, आणि एक वही. वहीच्या पहिल्या पाच-सहा पानांवर चित्रं होती. मडकं, स्टूल, आमच्या दाराची कडी, आईचा पाटा-वरवंटा. त्यानंतरच्या पानावर मात्र चित्र नव्हतं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाहेर बसून निसर्गचित्र काढण्यासाठी तेलरंगाचं सामान'. खाली एकाखाली एक नावं होती आणि त्यापुढं वही कोरी.

अण्णा चौथी शिकलेले. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत ते वाचायचे. त्यांनी ती यादी दोनदा वाचली. मग वही माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "सुमे, मोट्यानं वाच की."

मी वाचली. पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, क्रिमझन. हॉग हेअर ब्रश, पाच. पॅलेट. पॅलेट नाइफ. जवसाचं तेल. टर्पेंटाईन. मिडियम. कॅनव्हास, ताणलेला. घडीचा ईझल. लाकडी पेटी. बसायला स्टूल. छत्री. जुन्या सुती चिंध्या. सगळं वाचून होईपर्यंत शेजारच्या नरसय्यामामांच्या घरातले दोन माग खटखट खटखट चालले होते आणि त्या आवाजात माझा आवाज मला परक्या बाईसारखा वाटत होता.

आम्ही तेव्हा सोलापुरात दीड खोलीत राहायचो. मूळचे वळसंगचे. तिथं थोडी जमीन होती, ती काका करायचे, आणि अण्णा इथं एका चादरीच्या कारखान्यात घड्या घालायचे. दिवसभर चादरी झटकून झटकून त्यांच्या भुवयांवर आणि कानाच्या पाळ्यांवर सुताची पांढरी लव बसलेली असायची. संध्याकाळी ते मोरीत तोंड धुवायचे तेव्हा माणूस हळूहळू म्हातारपणातून परत तरुण होतोय असं दिसायचं. दादा त्यांना त्यावरून हसायचा. दादाचं नाव सिद्राम. घरात सिदू. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, लांब हातापायांचा, जेवताना ताटातली जवसाची चटणी भाकरीवर पसरून बोटानं तिच्यात रेघा काढणारा. आई ओरडायची, "खा की रे, अन्न हाय ते." तो गेल्यावर आईनं घरात जवस आणलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

तो कावीळ होऊन गेला. भाद्रपदात डोळे पिवळे झाले, आधी गावाकडचं औषध झालं, मग मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि अकराव्या दिवशी तो संपला. एवढंच मला त्याबद्दल लिहिता येतं. त्याच्या वयाचा मुलगा असा अकरा दिवसांत कसा संपतो हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आज सत्तरीकडं झुकले तरी कळत नाही.

ती यादी मी आधी एकदा ऐकली होती. आदल्या दिवाळीच्या आधी दादानं ती अण्णांसमोर वाचली होती. तो तेव्हा चित्रकलेच्या विद्यालयात जायला लागला होता. अण्णांना त्यानं फिटरचा कोर्स करावा असं वाटायचं, पण त्यांनी अडवलं नव्हतं. यादी मात्र त्यांना सोसली नाही. ते जेवता जेवता म्हणाले होते, "रानाचं चित्र काडाय एवढं कशाला लागतंय? रान बघाय डोळं पुरं की." बोलण्यात राग नव्हता, थट्टाच होती. दादाही हसला होता. त्यानं वही मिटली आणि पुन्हा कधी त्या सामानाचं नाव काढलं नाही.

आता तीच यादी सतरंजीवर पडली होती. अण्णांनी ते पान फाडलं नाही. अख्खी वहीच सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली. म्हणाले, "हे समदं आनायचं."

आई तोंड न वळवता बोलली, "कुनासाटी?"

अण्णांनी बाकीच्या वस्तू परत ट्रंकेत ठेवल्या. आईनं सूप उचललं आणि ती आत गेली.

त्यानंतरच्या प्रत्येक सुट्टीच्या दिवशी अण्णा आणि मी सामान शोधायला निघायचो. मला सोबत न्यायचं कारण म्हणजे इंग्रजी नावं. सात रस्त्याजवळ वह्या-पुस्तकांचं एक मोठं दुकान होतं. तिथला माणूस म्हणाला, आमच्याकडं शाळेच्या पोरांचे पाण्याचे रंग मिळतात, तेलरंग पुण्याहून मागवावे लागतील. अण्णा म्हणाले, "मागवा की." तो म्हणाला, महिना लागेल. अण्णा म्हणाले, "लागू द्या. आमाला घाई न्हाय." त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की दुकानदारानं मान डोलावली. मी मात्र काउंटरच्या काचेवर नखानं ओरखडे काढत उभी राहिले. ज्याला घाई असायला हवी होती त्याला आता कसलीच घाई उरली नव्हती.

आता इतक्या वर्षांनी, मागच्या आठवड्यात शेजारच्या मुलीनं मोबाइलवर बोट फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी रंगांची पेटी दारात आली. ब्रश, तेल, कॅनव्हास, सगळं एका खोक्यात. मी ते खोकं बराच वेळ न्याहाळत बसले. तिला वाटलं आजींना चित्रकलेची आवड आहे. मी गणिताची शिक्षिका होते, सरळ रेघ सोडून मला काही काढता येत नाही, हे तिला सांगायचं राहून गेलं.

ब्रश आले तेव्हा घरात गोंधळ झाला. हॉग हेअर म्हणजे काय ते दुकानदारानं अण्णांना सांगितलं होतं आणि अण्णांनी घरी येऊन भाबडेपणानं आईला सांगितलं. "डुकराचं केस हायत म्हनं." आई चुलीपुढून उठली. "डुकराचं केस माज्या घरात?" अण्णा म्हणाले, "यादीत हाय." आई परत चुलीपुढं बसली. यादीत आहे म्हटलं की त्या घरात पुढं कुणी बोलू शकत नव्हतं. ब्रश अण्णांनी बाहेरच्या कोनाड्यात ठेवले. पण मी पाहिलं, आई झाडताना त्या कोनाड्याजवळ थांबली, एक ब्रश उचलून तिनं त्याचं टोक तळहातावर फिरवलं आणि परत होता तसा ठेवून दिला.

चिंध्यांचं तसं झालं नाही. यादीत ती सगळ्यात सोपी गोष्ट होती, म्हणून अण्णा एका सकाळी म्हणाले की आज एवढं तरी उरकून टाकू. ट्रंकेतला दादाचा जुना, कॉलर विरलेला शर्ट त्यांनी हातात घेतला. मऊ झालेलं सुती कापड होतं, पुसायला चांगलं. ते कात्री लावणार एवढ्यात आई आतून आली आणि तिनं शर्ट ओढून घेतला. एका हातात भाकरीचं पीठ, दुसऱ्या हातात शर्ट. "हात लावू नगा," ती म्हणाली. "एकदा हात लावलासा ते पुरं झालं." यातल्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. दिवाळीच्या आधीचं ते जेवण, ती थट्टा, मिटलेली वही, सगळं तिनं मनात धरून ठेवलं होतं. अण्णा खाली बघत कात्री उघडत-मिटवत बसले. दुपारी आईनं स्वतःचं एक जुनं लुगडं आणून त्यांच्यापुढं टाकलं. आपल्या हातानं त्याच्या चौकोनी चिंध्या फाडल्या. कापड फाटल्याचा तो चर्र चर्र आवाज नरसय्यामामांच्या मागांच्या वर ऐकू येत होता.

चैत्रात आम्ही 'मिडियम' या शब्दावर अडलो. दुकानदाराला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, पोराच्या सरांना विचारा. अण्णा सायकल हातात धरून मला विद्यालयापर्यंत घेऊन आले, पण फाटकाबाहेरच्या लिंबाखाली थांबले. "तू जा. मला काय बोलाय येतंय तितं." पोराला शिकायला घातलं तेव्हाही ते फाटकाच्या आत गेले नव्हते.

दादाचे इनामदार सर वरच्या मजल्यावर रिकाम्या वर्गात खिडकीपाशी डबा खात होते. पन्नाशीचे असतील, केस पांढरे, शर्टाच्या बाहीला वाळलेल्या रंगाचे डाग. मी दादाचं नाव सांगितलं. "कोण सिद्राम?" ते म्हणाले. मी वर्ष सांगितलं. त्यांनी हात धुतले, कपाटातून मागचं हजेरीपुस्तक काढलं आणि बोट फिरवत एका ओळीवर थांबले.

"हा मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही," ते म्हणाले. "नाव कमी केलंय त्याचं."

मी म्हणाले, "सर, तो रोज येत होता. रोज सकाळी सायकल घेऊन निघायचा. भाद्रपदापर्यंत."

त्यांनी पुस्तक माझ्याकडं वळवलं. दादाच्या नावापुढं दिवाळीपर्यंत बारीक टिंबं होती आणि पुढं ओळ मोकळी. मी सांगितलं की तो वारला. सरांनी पुस्तक मिटलं. त्यांनी विचारलं, "सामान नव्हतं का त्याच्याकडं?"

"नव्हतं."

"ज्याच्याकडं सामान नसेल त्यानं वर्गात बसायचं नाही, असा नियम होता," ते म्हणाले. मग आवाज उतरला. "म्हणजे माझाच. मीच केलेला."

मग दादा ते सगळे महिने कुठं जात होता? सकाळी भाकरी बांधून निघायचा, संध्याकाळी परत यायचा, आई विचारायची आज काय काढलंस, तो म्हणायचा झाड. कुठं बसायचा, कुणाबरोबर असायचा, आजपर्यंत आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. सरांनी एका कागदावर मला लिहून दिलं, मिडियम म्हणजे जवसाचं तेल आणि टर्पेंटाईन यांचं मिश्रण, वेगळं विकत आणायचं काही नाही. त्याच्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांना तो आठवतच नव्हता. मला राग आला नाही. एवढ्या मुलांत एक लाजाळू पोरगा, चार-पाच महिने आलेला.

खाली अण्णा लिंबाच्या सावलीत उभे होते. मी कागद दाखवला आणि मिडियमचं सांगितलं. ते म्हणाले, "ते नव्हं. सिदूबद्दल काय म्हनलं?"

मी सतरा वर्षांची होते. वरती हजेरीपुस्तकात पाहिलेलं सांगायचं तर अण्णांना त्यातून एकच गोष्ट समजली असती, की आपल्या एका थट्टेनं पोराची शाळा सुटली. मी म्हणाले, "म्हणाले, हात लई चांगला होता त्याचा. वर्गात सगळ्यात चांगला."

अण्णांनी तोंड वळवलं आणि धोतराच्या सोग्यानं सायकलची सीट पुसायला लागले. सीट स्वच्छच होती. घरी जाताना ते सायकलवर बसले नाहीत. हातात धरून, माझ्याबरोबर चालत, सात रस्त्याच्या गर्दीतून आले आणि वाटेत भेटलेल्या दोन ओळखीच्या माणसांना थांबवून त्यांनी ते सांगितलं. चहाच्या गाड्यावर सांगितलं. घरी येऊन आईला सांगितलं. आईनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मी पाणी प्यायला मोरीकडं गेले.

त्यानंतर अण्णांच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. कॅनव्हाससाठी नरसय्यामामांनी जाड मांजरपाट दिला. "तीसुको अण्णा, तीसुको," म्हणजे तेलुगूत घे, घे, असं म्हणत त्यांनी तो अण्णांच्या खांद्यावरच टाकला. सुताराकडून चौकट झाली, तिच्यावर कापड ताणून खिळे मारले. सरस पाण्यात शिजवून वर लावला, तेव्हा दोन दिवस घरात मेलेल्या जनावराचा वास होता. त्यावर सफेद्याचे दोन हात दिले. ईझल काय असतो ते सुताराला समजेना, तेव्हा अण्णांनीच जमिनीवर काडीनं तीन पाय काढून दाखवले. सुतार म्हणाला, "म्हंजे चित्राची घोडी की." तेव्हापासून आमच्याकडं तिला घोडीच म्हणायचे. जवसाचं तेल आईच्या माहेराकडच्या घाण्यावरून आलं, मंगळवेढ्याहून, पितळी तांब्यात, तोंडाला फडकं बांधून. सरांनी कागदावर लिहिलं होतं की तेल उन्हात ठेवावं, गाळ खाली बसतो. अण्णांनी ते बाटलीत भरून पत्र्यावर ठेवलं. उन्हानं बाटली तापली की तो वास घरभर उतरायचा. आईनं एका दुपारी जेवता जेवता ताट सरकवलं आणि ती बाहेर जाऊन ओट्यावर बसली. जवसाचा वास होता तो, भाजल्या चटणीचाच, फक्त थोडा कच्चा.

श्रावणापर्यंत सगळं जमलं. आता ते कोनाड्यात नीट मांडून ठेवलेलं असायचं आणि अण्णा कामावरून आले की त्याच्यापुढं बसायचे. मला भीती वाटायची की ते मला ब्रश हातात घ्यायला सांगतील. तसं झालं नाही. त्यांनी सांगितलं ते याहून अवघड होतं.

"वर्साचं जेवन वळसंगला करायचंय," ते म्हणाले. "तेला सरास्नी बोलवाय पायजे. ज्यानं माज्या पोराला चांगलं म्हनलं तेला घास घालाय पायजे. तू जाऊन सांग."

मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी गेले आणि सरांना सगळं खरं सांगितलं. मी काय खोटं बोलले ते, अण्णा ते कुणाकुणाला सांगतात ते, आणि दिवाळीआधीचं जेवण. सर ऐकून घेतल्यावर म्हणाले, "म्हणजे तू बोललीस आणि आता मी तिथं येऊन ते निभावायचं?" मला रडू आलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "कधी आहे?"

सर सकाळच्या एसटीनं आले. धुतलेला पांढरा शर्ट, पायात चपला. काकांच्या पडवीत पंगत बसली. गव्हाची खीर, भात, कढी, गवारीची भाजी, वडे. सरांनी पानात काही टाकलं नाही. अण्णा पंगतीतून फिरून प्रत्येकाला सांगत होते, "हे सिदूचं सर." सर मान खाली घालायचे. आई चुलीपाशीच होती, बाहेर आली नाही.

जेवणं उरकल्यावर अण्णांनी सामान डोक्यावर घेतलं. घोडी काकांच्या खांद्यावर, छत्री माझ्याकडं. रान गावापासून हाकेच्या अंतरावर. रात्री पावसाची सर पडून गेली होती, आभाळ फाटून ऊन येत होतं, आणि ज्वारीच्या पेरणीसाठी कुळवून ठेवलेलं रान बांधापासून बांधापर्यंत नुसतं उघडं पडलं होतं. अण्णांनी बांधावरच्या बाभळीखाली पटकूर पसरलं आणि एकेक वस्तू मांडली. वही उघडून धरली.

"सर, त्यानं लिवल्यापरमानं समदं हाय का बघा की."

सरांनी खरंच बघितलं. उकिडवे बसून वहीतलं एकेक नाव वाचत एकेक वस्तू हातात घेतली. तेलाची बाटली उन्हाकडं धरली. कॅनव्हासवर टिचकी मारली. शेवटी म्हणाले, "काही राहिलेलं नाही."

"मग आता काडा," अण्णा म्हणाले. "तो न्हाय तर तुमी काडा."

सरांचा चेहरा मी बघत होते. ते म्हणाले, मी बाहेर बसून चित्र काढून पुष्कळ वर्षं झाली, शिकवण्यातच राहून गेलं. अण्णांनी ब्रश त्यांच्यापुढं धरले. सरांनी बाह्या सरसावल्या, घोडी उभी केली आणि नळ्या पिळून रंग पॅलेटवर काढले. अण्णा त्यांच्या मागं दोन हात अंतरावर बसले आणि काही वेळानं म्हणाले, "एक इचारू? ह्यात काळा रंग न्हाय. यादीतबी नव्हता. मला वाटलं पोरगं लिवायचं इसरलं. आमचं रान तर काळंभोर. दुकानात मी मुद्दाम इचारलं हुतं, मग म्हनलं नगं, त्यानं लिवलं न्हाय ते कशाला."

सरांचा ब्रश हवेत थांबला. त्यांनी समोरच्या रानाकडं पाहिलं.

"विसरला नाही तो," ते म्हणाले. "यादी मी वर्गाला लिहून दिली होती, तीत काळा मीच घातला नव्हता. आणि त्यावरूनच तुमच्या मुलानं मला वर्गात विचारलं होतं. म्हणाला, सर, काळा रंग नसेल तर आमची जमीन कशी काढायची? मी म्हटलं, ती काळी आहे का ते आधी बघून ये. चार-पाच दिवसांनी आला आणि सांगायला लागला, नाही सर. सकाळी तांबूस दिसते. दुपारी निळसर. पाऊस पडून गेला की जांभळी."

अण्णा उठून उभे राहिले. डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांनी ज्या रानात ते जन्मले, वाढले, ज्यात त्यांनी सोलापूरला येण्याआधी पंचवीस वर्षं कुळव धरला होता, ते रान पाहिलं.

"बराबर हाय," ते हळूच म्हणाले. "ओल हाय तितं जांभळीच दिसती. मला कवा दिसलं न्हाय." मग माझ्याकडं वळून, "सुमे, त्यानं हे बघितलं हुतं व्हय गं!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. सरांनी निळ्यात तांबडा कालवला, थोडा पिवळा, आणि कॅनव्हासवर पहिला पट्टा ओढला. पुढं तीन-एक तास नुसते आवाज होते. ब्रशची खरखर, बाभळीतले होले, आणि लांब कुणीतरी बैलांना घातलेली हाक. काका मधेच उठून गेले. अण्णा जागचे हलले नाहीत. चित्रात शेवटी एवढंच होतं, रान, एक बांध, आणि वर फाटलेलं आभाळ.

संध्याकाळी मी सरांना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. वाटभर माझ्या तोंडात एकच प्रश्न होता. ते खरंच दादा बोलला होता का? चैत्रात तर तुम्हाला तो आठवतही नव्हता. की तुम्हाला मागाहून आठवलं? आणि खरं असेल तर तो ते बघायला इथं आला होता का, सायकलवरून, एकटा? थांब्यावर आम्ही दोघं उभे होतो, पाऊण तास तरी होतो. सरांच्या नखांत तोच निळा-तांबूस रंग अडकला होता आणि ते तो काडीनं काढत होते. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, तसे माणूस होते ते, आणि मला त्याचीच भीती होती. एसटी आली. चढताना ते म्हणाले, "तेल घाण्याचं आहे. वाळायला वेळ लागेल. सांभाळून न्या." पुढं बऱ्याच वर्षांनी ते गेल्याचं पेपरात वाचलं, तेव्हाही पहिलं हेच मनात आलं की आता विचारायला कुणी उरलं नाही.

मी परत आले तेव्हा अण्णांनी चित्र पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून ते रानातून त्यांनी दोन्ही हातांत कडांना धरून, छातीपासून लांब, आडव्या पावलांनी आणलं होतं. आणि आईला चुलीपासून उठवून बाहेर आणलं होतं. ती पदराला हात पुसत चित्रापुढं उभी होती. वर्षभरात ती कुणासमोर रडली नव्हती. दादाचं नावही तिनं घेतलं नव्हतं. तिनं चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं, आभाळ, बांध, रान. मग अण्णांकडं वळली.

"ह्यात माजा सिदू कुटं हाय?"

पडवीत मी, काका, काकू, सगळे होतो. अण्णांनी चित्राकडं पाहिलं, मग आईकडं, मग पुन्हा चित्राकडं. दिवसभर ते सरांच्या पाठीमागं बसले होते.

"चित्रात नसतोय तो," ते म्हणाले. "काडनारा चित्रात दिसत न्हाय. तो हिकडं बसतोय. हितं. आता तू उबी हायस ना, तितंच."

आईनं आपल्या पायांकडं पाहिलं. शेणानं सारवलेली जमीन होती, तिच्यावर तिचीच सावली. मग ती हळूच एक पाऊल बाजूला सरकली, पदर आवरून घेतला, आणि ती मोकळी झालेली जागा शेजारी ठेवून खाली बसली.